सरांच्या नावाची फुंकर

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुलेखा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि आता लिहायला बसलो तर विषय असा. फोनच करणार होतो. पण जन्मभर वर्गात बडबड केलेल्या या माणसाला फोनवर दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय पत्राची सवय तुम्हा पोरांना मीच लावली, तेव्हा ती मीच मोडून कसं चालेल.

तर ऐक. शुक्रवारी आमच्या पाटोदेकर सरांच्या सेवापूर्तीचं जेवण होतं, पैठण रोडला त्यांच्या शेतावर. परत येताना चितेगावला तुमच्या पथकानं मला अडवलं. काच खाली केली तर समोर तू. दुपारी पावणेपाचला, भर रस्त्यात, ट्रकवाले आणि कंपनीतून सुटलेले कामगार बघत असताना, अंगावर खाकी असताना तू वाकून माझ्या पाया पडलीस. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली; असा मान माझ्या निरोप समारंभातसुद्धा मिळाला नव्हता. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिथून दोन किलोमीटरही गेलो नसेन, एक बाई गाडीसमोर आली. केसरबाई तिचं नाव. तिथल्याच एका कंपनीत झाडलोट करते, काम संपवून घरी चालली होती. कुठून आली, कशी आली, मला कळलंच नाही. मी पळून गेलो नाही, हे लक्षात घे. थांबलो, लोकांना हाताशी धरून तिला रिक्षात घातलं, घाटीच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला असं काल समजलं.

हवालदार आला तेव्हा आधी त्यानं माझ्या तोंडाकडे नाक आणलं. मी तुमच्या दारू तपासायच्या मशीनची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. माझं नाव, गाडीचा नंबर, वेळ, आणि खाली शून्य. अपघाताच्या पाच-दहा मिनिटं आधीची चिठ्ठी असताना पुन्हा तपासणी कशाला, असं तोच म्हणाला. ती चिठ्ठी आता केसच्या कागदांना लावली आहे. बाईच रस्त्यात आली, असं कागदोपत्री झालं आहे.

तुझ्या कानावर काहीबाही येईल म्हणून आधीच कळवतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी सर्दीसाठी द्राक्षासव घेतलं होतं, ते तुला तिथंच सांगितलं होतं. उमा पुण्याहून आली आहे, काही दिवस मला घेऊन जाते म्हणते. लेकीपुढे माझं काही चालत नाही.

तुझ्या वडिलांना, धोंडिबांना, नमस्कार सांग.

तुझे सर,
मुकुंद पाथ्रीकर

———

हर्सूल
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
जयभीम. पाया पडते.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. अपघाताचं मला त्याच संध्याकाळी वायरलेसवर कळलं होतं. गाडीचा नंबर ऐकला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. तुमचा फोन येईल म्हणून दोन दिवस मोबाइल उशाशी घेऊन झोपले. मग पत्र आलं. त्यात तुम्ही सगळं लिहिलं, फक्त एक गोष्ट सोडली. ती मी लिहिते, म्हणजे आपल्या दोघांत तरी ती लिहिलेली राहील.

सर, त्या मशीनमध्ये तुम्ही फुंकलंच नव्हतं. मी फुंकलं होतं.

आमच्या पथकाची पद्धत अशी आहे की गाडी अडवली की तिचा नंबर आधी रजिस्टरला चढतो, आणि मग त्या नंबरापुढं मशीनची चिठ्ठी लागते. एकही ओळ मोकळी सोडायची नाही. ओळखीपाळखीनं गाड्या सुटू नयेत म्हणून साहेबांनीच हे सुरू केलंय. तुमच्या काचेवर ऊन होतं, आत कोण आहे ते दिसलं नाही. मी हात केला, नंबर सांगितला, माझ्या सोबतच्या शिपाई अमृतानं लिहिला. मग काच खाली आली. तुम्ही उतरलात, मी वाकले, आणि उठताना वास आला.

तो वास मला कुणी शिकवायला नको. माझ्या दादांच्या अंगाला तो माझ्या लहानपणापासून होता. तुम्ही द्राक्षासव म्हणालात, मी मान हलवली. दादापण आईला खोकल्याचं औषध म्हणून सांगायचे.

आणि सर, दादांची दारू कुणी सोडवली? मी नववीत होते. तुम्ही सायकलवर आमच्या वस्तीवर आलात, घरात खाली सतरंजीवर बसलात, आईच्या हातचा चहा प्यालात. मग दादांना बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. "धोंडिबा, पोरगी हुशार आहे, तिला तुमची लाज वाटू देऊ नका," असं म्हणालात. वस्तीवरचे लोक अजून सांगतात ते. त्या दिवसापासून दादांनी थेंब घेतला नाही. ज्या माणसानं हे केलं त्याच्या तोंडापुढं मी नळी कशी धरणार होते? मी नवीन नळी लावली, पाठ फिरवली आणि तुमच्या नावावर फुंकलं. अमृतानं मान वर केली नाही. मी चिठ्ठी तुमच्या हातात दिली, तुम्ही "शाबास" म्हणालात आणि गाडी काढली.

ते शाबास डोक्यातून जात नाही. तुम्हाला खाली उतरवून झाडाखाली बसवलं असतं, रिक्षा करून दिली असती, तरी भागलं असतं. तेवढंही सुचलं नाही. सुचलं असेल, पण धीर झाला नाही.

मला एकच विचारायचंय. किती घेतली होती? मला खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही, पण मला माहीत पाहिजे की मी कशावर शून्य छापलं.

तुमची विद्यार्थिनी,
सुलेखा हिवराळे

———

पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सुलेखा हिस,
अनेक आशीर्वाद.

समर्थनगरच्या पत्त्यावरचं तुझं पत्र शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं. ते उमाच्या हाती लागलं नाही, हे नशीब समजायचं. असल्या गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात, एवढं तरी पोलीस खात्यात शिकवत असतील असा माझा समज होता. तुझं पत्र मी फाडलं. हेही वाचून फाड.

किती घेतली होती, हा प्रश्न तू मला विचारावास याचं वाईट वाटलं. जेवणाआधी पाटोदेकरांनी फार आग्रह केला, चारचौघांत नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून ओठाला लावली असेल. त्याला काही पिणं म्हणत नाहीत. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, कधी कोणाच्या गाडीला साधा ओरखडा काढलेला नाही.

आता शांत डोक्यानं विचार कर. तू तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल. त्या नोकरीसाठी मी शाळेच्या मैदानात हातात घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि तू अनवाणी पळायचीस, विसरली नसशील. माझंही नाव जाईल, ते सोडून दे. पण एवढं करून त्या बाईचा पाय परत येणार आहे का? मग कोणाचं भलं करायला निघाली आहेस?

शिवाय बाईला स्वतःलाच चूक मान्य आहे. पुण्याला निघायच्या आधी मी घाटीत जाऊन आलो. मोसंबी नेली होती. मला बघून तिनं पडल्या पडल्या हात जोडले आणि म्हणाली, "सर, तुमाला उगा तरास झाला, माजंच ध्यान नव्हतं." मीही दोन समजुतीचे शब्द बोललो आणि निघालो. बाई समजूतदार आहे.

उमानं गाडीची किल्ली काढून घेतली आहे. वयाचं कारण सांगते. एकसष्ट हे काय वय झालं? इथं सकाळी बागेत फिरतो, दुपारी वर्तमानपत्र वाचतो, संध्याकाळ जाता जात नाही.

भावनेच्या भरात काही करू नकोस. माझं ऐक.

तुझे सर,
मुकुंद पाथ्रीकर

———

हर्सूल
२ मार्च २०२५

आदरणीय सर,
जयभीम.

तुमचं पत्र मी फाडलं नाही.

परवा सुटी घेऊन घाटीत गेले. साध्या ड्रेसवर होते, तरी केसरबाईंनी माझ्या उभं राहण्यावरून ओळखलं. "पोलीस हाय व्हय? दंड भरावा लागंल का मला? सरांची गाडी लई चेपली म्हनत्यात." मी म्हणाले, दंड-बिंड काही नाही मावशी, सहज आलेय. शेजारी त्यांचा मुलगा गोकुळ होता, चांगला मिशा आलेला, त्याच कंपनीत लोडिंगला आहे. तो म्हणाला, "हिचं ध्यानच नसतंय हो रस्त्यानं."

तो चहा आणायला खाली गेला तेव्हा त्या बोलल्या. जसं बोलल्या तसंच लिहिते.

"चपलीत खडा गेलता पोरी. म्हनून मी कडंला झाले, मुरमावर. वाकले, चप्पल काढली, खडा पाडला, अन् मंग आवाज आला. मला तर आसं याद हाय. पन समदे म्हनत्यात तू मधी गेलीस. सरांना मशीननं शून्य दिलं म्हनं. मशीन खोटं बोलतंय व्हय? मंग मीच गेले आसन मधी. गोकुळ म्हनतो, मार लागला की मानसाला कायबी याद येतंय." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तू पोलीस हायेस. तूच सांग. मी खरंच मधी गेले व्हते का गं?"

सर, पायासाठी त्या रडल्या नाहीत. पाय गेला तो गेला, म्हणतात. पण आपण कुठं उभे होतो हेच आता त्यांना खात्रीनं सांगता येत नाही. मुलगा बोलतो, सून बोलते, आणि त्या गप्प ऐकून घेतात, कारण मशीन शून्य म्हणालं. ते शून्य मी केलंय. दुसऱ्या कुणी नाही.

मी काय उत्तर दिलं असेल? "आराम करा मावशी." एक मोसंबी सोलून दिली आणि निघाले. जिन्यात बसून रडले. मला माझीच इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पहिल्या भरतीत नापास होऊन वस्तीवर परत आले होते, तेव्हापण नाही.

तर सर, आता माझं ऐका. तुम्ही ठाण्यात जा आणि तुमच्या तोंडानं सांगा. मग मी माझं सांगते. मला तुमच्या आधी जायचं नाही, कारण मग मी सरांना पकडून दिलं असं होईल, आणि तसं मला करायचं नाही. तुम्ही पुढं व्हा, मी मागं येते. शाळेतून सहलीला जाताना चालायचो तसं.

पंधरा मार्चपर्यंत मी वाट बघते. तुम्ही याल, याची मला खात्री आहे.

सुलेखा

———

समर्थनगर
१८ मार्च २०२५

चि. सुलेखा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेली तारीख उलटून तीन दिवस झाले. प्रकृती जरा बरी नव्हती, म्हणून उशीर झाला. पण मी आलो. काल उमाबरोबर बसनं आलो आणि आज सकाळी ठाण्यात जाऊन जबाब दिला. आता मी जे केलं आहे ते नीट वाच, कारण तुला तसंच वागायचं आहे.

मी असं सांगितलं की चितेगावच्या नाक्यावर मी शुद्धीत होतो, मशीनमध्ये फुंकलं, शून्य आलं. तिथून पुढे गेल्यावर गाडी बाजूला घेतली. पाटोदेकरांच्या इथली उरलेली बाटली डिकीत होती, ती काढून प्यालो, आणि मग गाडी चालवली. बाई कडेलाच उभी होती, चूक माझी, असं स्वच्छ सांगितलं. म्हणजे बघ, केसरबाईला न्याय मिळाला, तुझी चिठ्ठीही खरी राहिली. तुझं नाव कुठेही येत नाही.

हे सुचायला मला पंधरा दिवस लागले. एकदा सुचल्यावर मात्र फार हलकं वाटलं. तुझ्यासाठी काहीतरी करता आलं, याचं समाधान आहे. माझं व्हायचं ते होईल. हर्सूलच्या तुरुंगात जावं लागलं तर तुझ्या शेजारीच राहायला आलो असं समज.

तू फक्त गप्प राहा. तेवढंच तुझं काम.

तुझे सर,
मुकुंद पाथ्रीकर

———

हर्सूल
२१ मार्च २०२५

सर,

तुम्ही जबाब दिलात त्याच्या आदल्या दिवशी मी माझा दिला होता. पंधराला संध्याकाळपर्यंत वाट बघितली. सोळाला रविवार होता. सतराला सकाळी साहेबांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अमृताचं नाव घेतलं नाही, पण ती स्वतःच मागून आली आणि म्हणाली, मी पाहिलं होतं.

परवा साहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवले होते. म्हणाले, "हिवराळे, तुमचे सर म्हणतात तुमची काही चूक नाही. तुम्ही म्हणता चूक तुमचीच आहे. बाहेर बसा, विचार करा, आणि कोणता कागद खरा ते येऊन सांगा." ते वाईट माणूस नाहीत. मला वाट मोकळी करून देत होते, हे मला कळत होतं.

सर, मी बाहेरच्या बाकावर दोन तास बसले. तुम्हाला खोटं सांगत नाही, मला मोह झाला. आत जाऊन "सर म्हणतात तेच खरं" एवढंच म्हणायचं होतं. वर्दी राहिली असती, दादांना काही कळलं नसतं. केसरबाई कडेला होत्या हेही तुमच्या जबाबात होतंच. मग कुणाचं काय बिघडणार होतं, असं मी मनाला दहा वेळा सांगितलं.

मग चिठ्ठीवरची वेळ आठवली. चार सत्तेचाळीस. केसरबाईंना रिक्षात घालताना कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता, तो चार त्रेपन्नचा. सहा मिनिटांत तुम्ही दोन किलोमीटर गेलात, गाडी थांबवलीत, डिकी उघडलीत, झिंग येईपर्यंत प्यालात, पुन्हा निघालात आणि धडक बसली? कुणीही वकील हे उभ्या उभ्या फाडील. म्हणेल, म्हातारा माणूस, दया येऊन बाईचा दोष स्वतःवर घेतोय. आणि मग पुन्हा केसरबाईच मध्ये आल्या, हेच खरं ठरेल. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, पण ते खोटंपण त्यांच्याच अंगावर जाऊन पडणार होतं. आणि समजा नसतं पडलं, तरी उद्या नाक्यावर मी कुणाला फुंका म्हणून सांगू शकले नसते.

आत गेले आणि म्हणाले, माझा कागद खरा आहे. निलंबनाचा आदेश काल मिळाला. खात्याची चौकशी बसली आहे.

तिथून तशीच केसरबाईंकडं गेले. त्यांना घरी सोडलंय. दारात बाजेवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वास, नळी, शून्य, सगळं. त्या मग म्हणाल्या, "म्हंजी मी कडंलाच व्हते." मी हो म्हणाले. पुन्हा विचारलं, "मुरमावर?" हो मावशी, मुरमावर. त्यांनी गोकुळला आतून हाक मारली आणि मला म्हणाल्या, "आता ह्याला सांग." मी त्याला सांगितलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "तू त्याच्या पाया पडलीस, अन् पाय माझा गेला."

याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर तुम्ही द्या.

दादांना कळलंय. दोन दिवस जेवले नाहीत. "सरांना भेटून येऊ का?" म्हणत होते. मी नको म्हणाले.

सुलेखा

———

समर्थनगर
६ एप्रिल २०२५

सुलेखा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात येईल. तो देण्याइतकं माझ्याकडे सध्या काही नाही.

तुझे दादा येऊन गेले. तू नको म्हटलं होतंस तरी आले. मागच्या रविवारी सकाळी दार वाजलं, बघतो तर धोंडिबा, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. मी बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेवर बसले. उमानं चहा दिला, तो त्यांनी पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय. तिला तुमची लाज वाटू देऊ नका." नमस्कार करून गेले. माझंच वाक्य, सतरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा ते बोलायला मला किती सोपं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी आधीचा जबाब मागे घेतला. आता जे लिहितो ते तिथंही लिहून दिलं आहे. उमासमोर बसून लिहितोय, म्हणजे पुन्हा पाय घसरायला नको.

तू विचारलं होतंस, किती. मोठे चार पेग. द्राक्षासव नव्हतं, आग्रहाचा घोटही नव्हता. दोन तर मी स्वतः मागून घेतले. निवृत्त झाल्यापासून रोज पितो. स्टीलच्या पेल्यात पितो, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईंना पाणी वाटावं. पंधरा मार्चला मी तुझ्याकडेच निघालो होतो. धीर यावा म्हणून थोडी घेतली, आणि थोडीवर भागलं नाही. उमानं मला जिन्यातून उचलून आणलं. लेकीनं बापाला कसं उचललं, ते मला आठवत नाही, तिला आठवतं. तेच मी तुला प्रकृती बरी नव्हती म्हणून कळवलं.

नाक्यावर तू पाठ फिरवलीस तेव्हा मी बघत होतो. तू काय करते आहेस ते मला स्पष्ट कळलं. मी तुझा हात धरू शकलो असतो. आयुष्यभर वर्गात पोरांची कॉपी पकडली, आणि त्या दिवशी स्वतःचा पेपर तुझ्याकडून सोडवून घेतला. वर शाबास म्हणालो. त्या शब्दाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, असं मी परवापर्यंत समजत होतो.

पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती तुला सांगितली नव्हती. घाटीत केसरबाईंनी हात जोडले, तेव्हा मी दोन समजुतीचे शब्द बोललो असं तुला लिहिलं होतं. ते शब्द हे: "रस्त्यानं जाताना लक्ष ठेवत जा, बाई. या वेळी पायावर निभावलं." मोसंबीची पिशवी उशाशी ठेवत हे बोललो. त्या "व्हय सर" म्हणाल्या.

शुक्रवारी उमाला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. गोकुळ दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मी अंगणात उभं राहूनच सांगितलं की मी दारू प्यालो होतो आणि तुम्ही कडेला होता. केसरबाई म्हणाल्या, "मोठ्यानं म्हना, सर. शेजारच्यांनी लई आयकवलंय मला." मी मोठ्यानं म्हणालो. दोन-चार बाया कुंपणाशी आल्या. "पुन्यांदा म्हना." मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तुला आठवत असेल. त्या दिवशी तो अंगणही ओलांडेना.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हनत्यात. लिवून द्या." गोकुळनं वहीतलं पान फाडून दिलं. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं: केसरबाई रस्त्याच्या कडेला मुरमावर उभ्या होत्या. मी दारू पिऊन गाडी चालवत होतो. चूक सर्वस्वी माझी आहे. खाली सही केली. त्यांनी गोकुळला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज फुटला आणि त्यानं आईच्या पायाशी, जो आहे त्या पायाशी, बसून घेतलं. त्यांनी कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली. मी माफी मागितली. त्या "आता जावा," एवढंच म्हणाल्या.

मी हजारभर पत्रं लिहिली असतील. कामाचं एवढंच निघालं.

परवाना ठाण्यात जमा केला आहे, गाडीही तिथंच उभी आहे. सोमवार-गुरुवार दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे जातो. आज एकविसावा दिवस आहे. बाविसावा कसा जाईल, सांगता येत नाही. तुझ्या चौकशीत मला बोलावलं तर येईन आणि मी बघत उभा होतो हेही सांगेन. त्यानं तुझी वर्दी परत मिळेल असं खोटं आश्वासन देत नाही.

अठरा जूनला कोर्टात पहिली तारीख आहे. तुला साक्षीला कधी बोलावतील ते माहीत नाही, पण बोलावतील तेव्हा मी समोरच असेन. व्हरांड्यात आपली गाठ पडेल. त्या वेळी माझ्या पाया पडू नकोस.

मुकुंद पाथ्रीकर